हुकूम उघडतो कोण? पेशी दुप्पट होण्याच्या शोधाची गोष्ट

मारतहळ्ळीहून पुन्हा एकदा स्वागत.

नवीन श्रोत्यांसाठी आधी एक खुलासा. हे गाव बंगळूरच्या पूर्वेला, आउटर रिंग रोडवर आहे. नाव ऐकून महाराष्ट्रातले पाहुणे हमखास विचारतात, "इथं मराठे कधी आले होते?" ते मराठाहळ्ळी नव्हे, मारतहळ्ळी. जवळच एचएएलचा कारखाना आहे. त्यांच्या 'मारुत' विमानावरून हे नाव पडलं असं काही जण सांगतात, तर काही जण मारुतीच्या देवळाचा हवाला देतात. मराठ्यांचा संबंध असलाच तर तो आमच्यासारख्या आयटीतल्या मुलांमागे आलेल्या आईबापांपुरता.

आजवर आपण बहुतेक लढायांवर बोललो. पालखेड झालं, पानिपत झालं, १९७१ झालं. आजची गोष्टही एका लढाईचीच आहे, पण तिचं रणांगण डोळ्यांना दिसत नाही, आणि मी या लढाईत सेनापती नव्हतो. खुर्ची टाकून बाहेर बसलेला माणूस होतो. सौ.ला विचारून, तिची परवानगी घेऊनच हे सांगतोय.

माझ्या निवृत्तीला दोन-तीन महिने राहिले होते. एका सकाळी सौ. म्हणाली, "अहो, इथं जरा गाठ लागतेय का बघा." मी बघितलं. लागत होती. मी म्हणालो, "सामान बांधायचंय, निरोपाच्या पार्ट्या आहेत. एकदा बंगळूरला पोचू, मग नीट दाखवू." ती फौजीची बायको, तिनं मान डोलावली. आम्ही डॉक्टरकडे गेलो ते अडीच महिन्यांनी. स्तनाचा कर्करोग निघाला.

पुढे केमोथेरपी सुरू झाली. त्यातलं एक औषध लालभडक, कोकमाच्या सरबतासारखं. नाव डॉक्सोरुबिसिन. इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जंतूपासून ते मिळालं आणि जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन असंही नाव पडलं. डॉक्टरांना विचारलं, हे नेमकं करतं काय? ते म्हणाले, "पेशींना दुप्पट होऊ देत नाही." वाक्य सोपं होतं, पण डोक्यातून जाईना. कारण त्याच्या आधीचा प्रश्न मला सुटत नव्हता: पेशीला दुप्पट व्हायला सांगतं कोण?

माझी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये गेली. म्हणजे संदेश पोचवणं हाच धंदा. आमच्या जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरपासून एक गोष्ट अंगात भिनवतात. हुकूम लिहिला म्हणजे काम झालं असं नाही. तो कुणाच्या हातून जातो, वाटेत टिकतो का, सीलबंद असेल तर केव्हा उघडायचा आणि वाचून झाल्यावर जाळायचा कधी, या चार गोष्टींवर लढाई ठरते. पेशीबद्दल वाचायला लागलो आणि लक्षात आलं, तिथेही हाच कारभार आहे. फक्त हे समजायला शास्त्रज्ञांना अर्धं शतक लागलं.

सुरुवात पुण्यातून करू. मी फर्ग्युसनचा, वनस्पतिशास्त्राचा पदवीधर. कांद्याच्या मुळाचं टोक चिरडून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली विभागणाऱ्या पेशी शोधायच्या, हे प्रात्यक्षिक तुमच्यापैकी अनेकांनी केलं असेल. माझ्या कितीतरी आधी, १९३४ साली याच कॉलेजात हुजूरपागेतून आलेली एक मुलगी दाखल झाली. कमल समर्थ. वडील तिथेच जीवशास्त्र शिकवत. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा होती. कमलताईंनी दोन्ही केलं नाही. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली. १९३९ साली गणितज्ञ ज. त्रिं. रणदिव्यांशी लग्न करून त्या मुंबईला गेल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. केली. मग परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

तिथून त्या अमेरिकेतल्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हे तेच गाय, ज्यांच्याकडे फेब्रुवारी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा तुकडा आला. तिला विचारलं गेलं नव्हतं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ती गेली. वय अवघं ३१. पण तिच्या पेशी काचेच्या नळीत दुप्पट होत राहिल्या, आजही होताहेत. तिच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरं घेऊन त्यांना 'हेला' म्हणतात.

कमलताई परत आल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. ती देशातली पहिली मानली जाते. उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. त्यात संप्रेरकांचा वाटा किती, विषाणूचा किती, अनुवंशाचा किती, हे त्या तपासत होत्या. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. माझ्या बायकोच्या आजाराचा रस्ता फर्ग्युसनच्याच एका मुलीनं आमच्या जन्माआधीपासून झाडायला घेतला होता, आणि मी त्या कॉलेजात तीन वर्षं काढून तिचं नावही ऐकलं नव्हतं.

आता लंडनला चला. हॅमरस्मिथ रुग्णालयात अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी ब्रॉड बीन नावाच्या शेंगेच्या कोवळ्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला. पेशी डीएनए बनवते तेव्हा फॉस्फरस वापरते. म्हणजे किरणोत्सार कुठे आणि केव्हा दिसतो यावरून डीएनएची नक्कल कधी होते ते कळणार. १९५३ मध्ये त्यांनी मांडलं की नक्कल सतत चालत नाही. तिला ठरलेला वेळ आहे. आधी एक विराम, मग नक्कल, मग दुसरा विराम, मग विभाजन. इंग्रजीत त्यांना जी-वन, एस, जी-टू आणि एम म्हणतात. मी त्यांना तयारी, नक्कल, तपासणी आणि कूच म्हणतो. माणसाच्या पेशीत सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्यांचा मजकूर असतो. नक्कल करायला साधारण आठ तास लागतात. प्रत्येक पान एकदाच उतरवायचं. दोनदा नाही, आणि एकही सोडायचं नाही.

वेळापत्रक कळलं. पण घंटा कोण वाजवतं? याचं सुंदर उत्तर एका भारतीयानं दिलं. पोटू नरसिंह राव, मूळचे आंध्रचे. अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठात रॉबर्ट जॉन्सन यांच्यासोबत त्यांनी त्याच हेला पेशी घेतल्या. वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या दोन पेशी एका विषाणूच्या मदतीनं जोडून एक केल्या, आत दोन केंद्रकं ठेवून. नक्कल करणाऱ्या पेशीला तयारीतली पेशी जोडली, तर तयारीतल्या केंद्रकानंही वेळेआधी नक्कल सुरू केली. पण नक्कल आटोपलेली पेशी जोडली, तर तिच्या केंद्रकानं दुसऱ्यांदा नक्कल केली नाही. १९७० च्या जानेवारीत हा निबंध 'नेचर'मध्ये आला. अर्थ सरळ होता. घंटा केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रव्यात वाजते. आणि ज्याचं काम आधीच झालंय, ते केंद्रक ती घंटा ऐकूनही उठत नाही.

मग पेशीद्रव्यात आहे तरी काय? याचा एक धागा १९३६ सालचा. एथेल ब्राउन हार्वी या अमेरिकी बाईंनी सी अर्चिन नावाच्या काटेरी समुद्री प्राण्याची अंडी गरगर फिरवून त्यांचे दोन तुकडे केले. ज्या तुकड्यात केंद्रकच नव्हतं, तोही उद्दीपित केल्यावर विभागत राहिला. म्हणजे मुख्यालय उडालं तरी पलटण काही काळ चालत राहते. कारण हुकूम आधीच लिहून, सीलबंद करून आघाडीवर ठेवलेले असतात.

ते हुकूम म्हणजे काय, हे १९६१ मध्ये कळलं. डीएनएवरून एक तात्पुरती प्रत निघते, ती केंद्रकाबाहेर जाते आणि रायबोसोम तिच्यावरून प्रथिन बनवतात. तिचं नाव संदेशवाहक आरएनए. आणि १९६४ मध्ये मॉस्कोचे अलेक्झांडर स्पिरिन यांनी माशांच्या भ्रूणांत पाहिलं की हे आरएनए पेशीत उघडं फिरतच नाही. त्याच्या अंगावर कायम प्रथिनांचा पोशाख असतो. त्यांनी सुचवलं, सील म्हणतात ते हेच. प्रथिनं चिकटलेली आहेत तोवर हुकूम तयार असूनही वाचला जात नाही.

हीच आपल्या आजच्या गोष्टीतली पात्रं. आरएनएला चिकटणारी प्रथिनं. माणसात ती दीड हजारांच्या आसपास आहेत. ती स्वतः हुकूम लिहीत नाहीत. ती हुकूम नेतात, जपतात, उघडतात, नष्ट करवतात. आमच्या भाषेत, हे सगळे सिग्नल्सवाले.

आता हुकमात काय लिहिलेलं असतं? १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट अमेरिकेच्या वुड्स होल गावी सी अर्चिनच्याच अंड्यांवर काम करत होते. त्यांना एक प्रथिन दिसलं, जे साठत जाई आणि प्रत्येक विभाजनाच्या सुमारास एकदम नाहीसं होई. पुन्हा साठे, पुन्हा नाहीसं. त्याला नाव मिळालं सायक्लिन. हीच ती घंटा. वेगवेगळी सायक्लिनं वेगवेगळ्या टप्प्यांना चालना देतात. सायक्लिन-ए नक्कल करण्याच्या वेळी लागतं, सायक्लिन-बी विभाजनाच्या वेळी. हंट, ली हार्टवेल आणि पॉल नर्स यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. पण एक गोष्ट बघा. हंट यांच्या अंड्यांत हे सायक्लिन ज्या हुकमावरून बनत होतं, तो आईनं अंड्यात आधीच ठेवलेला, सीलबंद आरएनए होता. हार्वीबाईंचा तुकडा का चालत राहिला, याचं उत्तर इथे मिळतं.

सील कसं उघडतं, हे जोएल रिक्टर यांच्या प्रयोगशाळेनं बेडकाच्या अंड्यांत दाखवलं. १९९४ मध्ये त्यांनी सीपीईबी नावाचं प्रथिन ओळखलं. ते सायक्लिन-बीसारख्या संदेशांच्या शेपटाजवळ एका ठरावीक अक्षरखुणेला चिकटून बसतं. शेपूट आखूड असेल तोवर संदेश निपचित. संप्रेरकाचा इशारा आला की सीपीईबीवर फॉस्फेटचा शिक्का बसतो, शेपूट लांब होतं आणि रायबोसोम वाचू लागतात. म्हणजे सील लावणारा हात आणि ते उघडणारा हात एकाच शिपायाचा. फरक फक्त त्याला मिळालेल्या शिक्क्याचा.

हुकूम टिकवण्याचं उदाहरण हवं तर पुन्हा बाल्टिमोरला या. २००० साली तिथल्या सरकारी संस्थेत मिरियम गोरोस्पे यांच्या गटानं एचयूआर या प्रथिनाचा अभ्यास केला. एरवी ते केंद्रकात असतं. पेशी नक्कल करायला सज्ज झाली की ते बाहेर पेशीद्रव्यात येतं, सायक्लिन-ए आणि सायक्लिन-बीच्या संदेशांना धरून बसतं आणि त्यांना लवकर कुजू देत नाही. ते कमी केलं तर हे संदेश लवकर नष्ट होतात आणि पेशींची वाढ मंदावते. या कुटुंबातल्या 'एचयू' नावाचा उगमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या रुग्णाच्या रक्तात या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं प्रथम ओळखली गेली, त्याच्या आडनावाची ती पहिली दोन अक्षरं. हेलाही तसंच. विज्ञानाच्या पुस्तकातल्या अशा आद्याक्षरांमागे एखादा पलंग असतो आणि पलंगाशेजारी कुणीतरी बसलेलं असतं. हे मला पूर्वी कळलं नसतं.

तिसरं काम नक्कल करणाऱ्या यंत्रणेचा रस्ता मोकळा ठेवण्याचं. डीएनएवरून आरएनएची प्रत निघत असताना ती प्रत कधी कधी परत डीएनएलाच चिकटते. मग तिथे गाठ पडते आणि नक्कल करणारी यंत्रणा त्या गाठीवर येऊन आदळते. डीएनए तुटू शकतो. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या ली आणि मॅन्ली यांनी दाखवलं की आरएनएला चिकटणारं एक प्रथिन काढून घेतलं तर अशा गाठी वाढतात आणि गुणसूत्रं मोडतात. प्रत बाहेर पडताच तिला पोशाख चढवणं हे नुसतं शिस्तीचं काम नव्हे. मूळ दस्तऐवजाचं रक्षण त्यावर अवलंबून आहे.

आता घरी, बंगळूरला येऊ. मारतहळ्ळीहून भारतीय विज्ञान संस्था शहराच्या दुसऱ्या टोकाला. रहदारी लागली तर दीड तास. संस्था वर्षातून एक दिवस सगळ्यांसाठी दारं उघडते. मी तिथे जातो, शाळकरी मुलांच्या रांगेत उभा राहतो आणि प्रश्न विचारतो. तिथलेच सौमित्र दास यांच्या गटाचं काम वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

पी-५३ नावाचं प्रथिन तुम्ही ऐकलं असेल. १९७९ मध्ये सापडलं. डीएनएला इजा झाली की ते पेशीला 'थांब' म्हणतं. दुरुस्ती होत असेल तर ठीक, नाहीतर मरायला लावतं. माणसाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत त्याचं जनुक बिघडलेलं सापडतं. दास यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवलं की पी-५३ च्या एकाच संदेशात रायबोसोमला आत शिरायला दोन चोरवाटा आहेत. एका वाटेनं पूर्ण पी-५३ बनतं, दुसरीनं आखूड. आखूड पी-५३ पूर्ण पी-५३ ला दाबून धरतं. आणि दोन्ही वाटा वेगवेगळ्या वेळी चालू होतात. आखडाची वाट नक्कल सुरू होण्याच्या उंबरठ्यावर सर्वात जोरात, पूर्णाची विभाजनाच्या उंबरठ्यावर. नक्कल सुरू होताना पहारेकऱ्याचा आवाज जरा बारीक, कूच करण्याआधी मोठा. २००८ मध्ये त्याच गटानं दाखवलं की या दोन्ही वाटांवर आरएनएला चिकटणारं एक प्रथिन उभं असतं. पीटीबी त्याचं नाव. ते कमी केलं की दोन्ही पी-५३ कमी बनतात. एरवी पीटीबी मुख्यतः केंद्रकात असतं. पेशीवर संकट आलं की बाहेर येतं. हे संकट त्यांनी आणलं कशानं? डॉक्सोरुबिसिननं.

तेच लाल औषध. इकडे एका रुग्णालयात ते माझ्या बायकोच्या हातात थेंब थेंब जात होतं, आणि त्याच्या काही वर्षं आधी याच शहरात कुणीतरी ते काचेच्या बशीतल्या पेशींवर टाकून बघत होतं, की हे पडल्यावर कोणता शिपाई कुठून कुठे धावतो.

गैरसमज नको म्हणून सांगतो. हे प्रयोग बशीतल्या पेशींवरचे आहेत. त्यातून उद्याच औषध निघेल असं मी म्हणत नाही, आणि माझ्या बायकोच्या पेशींत नेमकं काय झालं ते कुणी मोजलेलं नाही. एवढंच कळलं की ते औषध डीएनएच्या धाग्यांत शिरून त्याला तोडतं आणि नक्कल अडवतं. कर्करोगाच्या पेशी बेबंद दुप्पट होतात म्हणून मार त्यांना जास्त बसतो. केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून केस जातात. सौ.चे गेले. एका रविवारी उरलेले मीच मशीननं काढले. फौजी कट मारताना माझा हात पहिल्यांदाच थरथरला.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. ती ठीक आहे. आत्ता स्वयंपाकघरात आहे आणि हे रेकॉर्डिंग लांबलं म्हणून दोनदा डोकावून गेली.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. त्या अडीच महिन्यांनी काय फरक पडला, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." मी ते उत्तर सुटका म्हणून वापरत नाही. चौतीस वर्षं मी पोरांना शिकवत आलो की संदेश लिहिणारा चुकला तर एक वेळ चालेल, पण हातात आलेला संदेश दाबून ठेवणारा माफ नाही. त्या सकाळी संदेश बरोबर लिहिलेला होता, वेळेवर पोचला होता, वाचलाही गेला होता. "अहो, इथं जरा गाठ लागतेय का बघा." इतका स्पष्ट. तो मी खिशात घातला आणि सामान बांधायला गेलो.

पेशीत एखादा शिपाई असं वागला तर काय होतं, ते तुम्ही आत्ता ऐकलंत. तुमच्या घरात असा एखादा संदेश कुणाच्या खिशात पडून असेल, तर हा भाग संपताच उघडा. डॉक्टरांची वेळ आजच घ्या.

पुढच्या भागात आपल्या नेहमीच्या रणांगणावर परत जाऊ. जय हिंद.